मांडवाचे डहाळे

छायाच्या लग्नाला गाव येणार की नाही, हा प्रश्न बेहडाटोलीत कोणीही मोठ्याने विचारत नव्हतं. लग्न वैशाखात होतं आणि चैत्र अर्धा सरला होता. छायाची आई रुखमा तर बोलणं त्या वळणावर आलं की चुलीतलं लाकूड उगाच आत सारायची आणि समोरच्याला विचारायची, चहात साखर कमी तर नाही ना पडली.

हिंगणीच्या पुढे, बोर अभयारण्याच्या जंगलाला टेकून असलेली ही चाळीसेक घरांची वस्ती. जवळजवळ सगळी एकाच भावकीची. रक्षा पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा ऑटोवाल्याने तिला अर्ध्या रस्त्यात उतरवून दिलं होतं, पुढे रस्ता खराब आहे म्हणून. ती वर्ध्याला समाजशास्त्रात एम.ए. करत होती, शेवटच्या वर्षाला. त्याआधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. देवळीत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सुट्टीत गल्ल्यावर बसायची तेव्हा आलेल्यांपैकी कोणाला न मागता पाणी मिळतं आणि कोणाला मागावं लागतं, हे तिच्या डोळ्यांत भरायला लागलं, आणि मग ते भरतच राहिलं. वडिलांना हे विषय बदलणं पटलं नव्हतं. "केमिस्ट्रीच्या पोरी सावंगीले दवाखान्यात लॅबमध्ये लागून राह्यल्या," ते म्हणाले होते. "समाजशास्त्र शिकून तू कुठं लागशीन? समाजात?" दुकानातले नोकर हसले होते. रक्षाही हसली होती, पण अर्ज भरून आली होती.

लहान गावातल्या परस्पर मदतीच्या रीती हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. पेरणीत कोण कोणाकडे जातं, घर शाकारायला कोण येतं, मयतीला लाकूड कोण देतं. बेहडाटोलीत तिला यातलं बरंच सापडलं, पण सगळ्यात जास्त आवडली ती मांडवाची रीत. इथे लग्नघरच्यांनी मांडवाचा डहाळा स्वतः तोडायचा नसतो. घरच्यांनी फक्त मेढी रोवायच्या. मग सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून कोणीतरी जांभळीचा हिरवा डहाळा खांद्यावर घेऊन येतं आणि मेढींवर टाकतं. आलेल्याला गूळ आणि पाणी द्यायचं. दुपारपर्यंत गावाने मांडव झाकून टाकलेला असतो. पोरीच्या सासरचे आदल्या दिवशी येऊन पाहतात ते दागिने नव्हे, सावली. सावली दाट असली की पोरीच्या पाठीशी गाव आहे.

आणि रुखमाच्या घरी गेल्या नऊ वर्षांत गावाचं पाऊल पडलं नव्हतं.

हे रक्षाला प्रमिलाबाईंनी सांगितलं. प्रमिलाबाई गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. रक्षा मुक्कामाला असली की त्यांच्याकडेच राहायची. रुखमाचा नवरा तानबा बाहेरगावचा, वनविभागात रोजंदारीवर होता आणि त्या नात्याने इथे येऊन राहिलेला. एका हिवाळ्यात कोणीतरी रानडुकरासाठी तारेचे फास लावले आणि त्यात बिबट अडकून मेला. साहेबांनी विचारलं तेव्हा तानबाने जे पाहिलं होतं ते सांगितलं. गावातले चौघे आत गेले. त्यातला मोतीलाल सुटून आला तो खोकत आला आणि पुढचा पावसाळा काही त्याने पाहिला नाही. त्यानंतर तानबाच्या घराला आवतन जाणं बंद झालं. बैठक बसली नाही, कोणी ठराव केला नाही. वाळीत टाकणं गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर कोणी तोंडातून शब्द काढला नाही. बारशाचं, पंगतीचं, भजनाचं आवतन द्यायला निघालेला माणूस नाल्यापर्यंत यायचा आणि तिथून वळायचा. नाल्यापलीकडे एकच घर होतं. पुढे तानबाही गेला. त्याला खांदा द्यायला रुखमाच्या माहेरचे लोक आले होते.

"अजूनही तसंच चालू आहे?" रक्षाने विचारलं होतं.

प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. "आता ढिलं पडून राह्यलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मागच्या साली निंदणाले रुखमा आमच्याच बरोबर होती. शेतात एका धुऱ्यावर जेवलो. कोणी काही म्हटलं नाई. आता पोरीचं लगन आहे. तिनं काय केलं बिचारीनं? मी डहाळा घेऊन जाईन. मले पाहून शेजारची निघन, तिले पाहून आणखी दोघी. कोणी कोणाले विचारलं नाई म्हणजे झालं."

"आणि रूपरावकाकाजी?"

रूपराव म्हणजे मोतीलालचा थोरला भाऊ, भावकीतला वडीलधारा.

"तो त्या दिवशी सेलूले जाईन. बाजाराले."

"तसं म्हणाले ते?"

"म्हणाले कशाले पाह्यजे?" प्रमिलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "त्याची बायको कोकिळा मले म्हणे, त्याईचा जोडा तुटला, घ्या लागते. मी समजली. तू हे लिहू नको बरं."

रक्षाने ते लिहिलं नाही. दिलेला शब्द तिने अगदी काटेकोरपणे पाळला. फक्त लिहू नको म्हणजे बोलूही नको, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर ती नाला ओलांडून रुखमाकडे जायला लागली. छाया तिच्याच वयाची, हिंगणीला शिवणकाम शिकलेली. तिचं लग्न मावशीने आर्वीकडे जुळवलं होतं. मुलगा बरा होता, एका जिनिंगमध्ये कामाला. घरात त्याचे मामा बोलतील ते शेवटचं. त्यांना नाल्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. "आले, मांडव पाह्यला, हळद लावली, झालं," छाया म्हणायची. "मग गाव इथं आणि मी तिथं." बोलताना ती रक्षाच्या कुर्त्याची शिवण उलटी करून तपासायची आणि नाक मुरडायची. "वर्ध्याचा टेलर चोर दिसते."

सामाजिक नकाशाचा दिवस रक्षाने आधीपासून ठरवून ठेवला होता. वर्गात ही पद्धत तिने शिकली होती. गावकऱ्यांना एकत्र बसवायचं आणि त्यांच्याच हातांनी जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायचा. रस्त्याला राख, पाण्याला निळी रांगोळी, घराला गेरूचा चौकोन, आणि प्रत्येक घरात जितकी माणसं तितके चिंचोके. सर सांगायचे की प्रश्नावलीत माणूस विचार करून उत्तर देतो, नकाशात त्याचा हात बोलतो.

मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात सकाळी लोक जमले. मोहफुलं वेचून झाली होती, ऊन अजून चढायचं होतं. आधी बायका लाजल्या, मग एकीने रांगोळी हातात घेतली आणि बघता बघता भांडणंच लागली. "माह्यं घर एवढं लहान काऊन काढलं?" "तुह्यं आहेच लहान, तोंड मोठं आहे." रूपरावही आले. साठीतला सडसडीत माणूस, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी कोणाला न विचारता नाल्याची निळी रेघ ओढली, अगदी हुबेहूब वळणांसकट, आणि सगळे त्यांची तारीफ करू लागले. रक्षा खूष होती. इतका चांगला नकाशा तिच्या वर्गात कोणाला मिळाला नव्हता.

शेवटी तिने घरं मोजली. एक कमी भरलं.

प्रयोगशाळेत वजन जुळलं नाही की काहीतरी सांडलंय हे धरून चालायचं, आणि ते सापडेपर्यंत टेबल सोडायचं नाही, ही तिची जुनी सवय. तिने पुन्हा मोजलं. निळ्या रेघेच्या पलीकडे नुसती माती होती.

"नाल्यापलीकडचं एक घर राहिलं," ती म्हणाली.

एकीने हातातले चिंचोके दुसऱ्या हातात घेतले.

"नाल्यापलीकडं जंगल आहे," रूपराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. तिथेच सोडून दे, इतकंच त्यात होतं.

"अहो काकाजी, रुखमामावशींचं घर आहे ना."

"तू गावाचा नकाशा काढाले सांगतला. आम्ही गावाचा काढला."

रक्षाला समजलं होतं. न समजण्याइतकी ती भोळी नव्हती. पण समोर एक खोटं मातीवर रेखाटलेलं होतं, आणि ते खोडायला सगळे आतून तयार आहेत हे तिला ठाऊक होतं. कोणीतरी पहिलं बोलायला हवं, एवढंच, असं तिला वाटलं. तिने वाकून पलीकडे गेरूचा चौकोन काढला आणि त्यात दोन चिंचोके ठेवले. मग सरळ होत, अगदी मोकळेपणाने म्हणाली, "आता लग्नही आहे तिथे. प्रमिलाकाकू तर डहाळा घेऊन जाणार आहेत. हो ना, काकू?"

प्रमिलाबाईंचा चेहरा असा झाला की रक्षाला पुढे कितीतरी दिवस तो आठवायला नको वाटायचा.

"मी कवा म्हटलं बाप्पा?"

"त्या दिवशी, भाकरी करताना..."

"तुह्यं ऐकण्यात काही चुकलं असन."

रूपराव चिंचोक्यांकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जाऊन राह्यली का तू, प्रमिलाबाई?"

आता रूपरावांना बाजाराला निघून जायची सोय राहिली नव्हती. त्यांना विचारणं भाग होतं आणि प्रमिलाबाईंना सांगणं भाग होतं.

"नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आणखी कोणी जाऊन राह्यलं का?"

रूपरावांनी प्रत्येकीकडे पाहिलं. शेजारच्या बाईने नाही म्हटलं. तिच्या सुनेने मान हलवली. कोकिळा त्यांची स्वतःची बायको, तिच्याकडेही ते तेवढाच वेळ पाहत राहिले, आणि तीही नाही म्हणाली. इतकी वर्षं जे कोणी बोललं नव्हतं ते पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडून निघालं. मग लोक उठले. जाताना कोणी रक्षाला वाकडं बोललं नाही. एका बाईने तर उरलेला गेरू पुडीत बांधून तिच्या हातात दिला.

रात्री प्रमिलाबाईंनी तिला नेहमीसारखं वाढलं, वर तूपही घातलं. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून तू हिंगणीतच राह्यजो. माह्या घरी पाहुणे येऊन राह्यले."

पाहुणे येणार नव्हते. ते दोघींनाही माहीत होतं.

वर्ध्याला परतल्यावर तिने सरांना सगळं सांगितलं. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. "हा तर तुमच्या प्रबंधाचा कणा आहे," ते म्हणाले. "मदतीची रीत जिथे थांबते ती सीमा तुम्हाला सापडली. लग्नाच्या वेळी हजर राहा. कोण येतं, कोण येत नाही, नीट नोंद घ्या. गावाचं नाव बदला, माणसांची नावं बदला."

"सर, ते माझ्यामुळे झालं."

"तुम्ही विचारलं नसतं तर दिसलंच नसतं."

"दिसलं नसतं तर लोक आले असते."

"ते तुमचं अनुमान झालं," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी तिला कॅन्टीनमधून चहा मागवून दिला.

पुढच्या आठवड्यात ती रूपरावांकडे गेली. ते अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. गोडसर कुबट वास सगळीकडे भरला होता. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं की चूक माझी आहे, मी लोकांसमोर बोलायला नको होतं, त्याची शिक्षा छायाला नको.

"तुह्यं काय चुकलं?" ते फुलं पसरत राहिले. "तू विचारलं, मी सांगतलं."

"तुम्ही म्हणालात तर सगळे जातील, काकाजी."

"कसं म्हणू? घरोघरी जाऊन? का तू अजून एक डाव बोलावतं सगळ्याईले, नकाशा काढाले?" आता ते तिच्याकडे पाहत होते. "माह्या भावानं या अंगणात जीव सोडला. खाटेवर, तिथं. लोकं म्हणतीन, रूपराव विसरला. न विचारता विसरलो असतो त कोणाले दिसलं नसतं."

त्यांनी खाली बसून एक खडा वेचून बाहेर टाकला. बोलणं संपलं होतं.

रुखमाला सगळं आधीच कळलेलं होतं. रक्षा काही सांगायला लागली तशी तिने हात वर केला. "राहू दे. तू काही दुश्मनीनं नाई केलं." मग म्हणाली, "नवरदेवाचा मामा येईन आदल्या दिवशी. मांडवाखाली गाव नाई दिसलं त उठून जाईन तो माणूस. अशा घरची पोरगी करत नाईत ते."

मांडवाच्या दिवशी रक्षा सकाळच्या बसने हिंगणीला उतरली आणि पायी निघाली. सरांनी सांगितलं होतं म्हणून ती आली नव्हती. का आली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. मेढी रोवून झाल्या होत्या, अंगण सारवलेलं होतं. ओसरीवर गुळाचं ताट आणि पाण्याची कळशी झाकून ठेवलेली. रुखमाच्या माहेरची दोन-चार माणसं सावली शोधत भिंतीला टेकून बसली होती. त्यांना या रीतीत हात घालता येत नव्हता. ती परगावची.

नाल्यापलीकडे गाव नेहमीसारखं होतं. हापशावर बायका होत्या. धूर निघत होता. एकदा कोणीतरी नाल्याच्या दिशेने येताना दिसलं आणि छाया उभी राहिली, पण ते बकरीमागे आलेलं माणूस होतं. ऊन मेढींच्या मधल्या रिकाम्या चौकोनातून सरळ सारवणावर पडलं आणि सारवण तडकायला लागलं. गुळाच्या ताटाला मुंग्या लागल्या तेव्हा रुखमाने ते आत नेलं.

"मी आणते," रक्षा म्हणाली. "विळा द्या मला. एक तरी डहाळा पडेल."

"तू कुठं गावची?" रुखमा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. विळा तिने दिला नाही.

दुपारी रुखमाने हिंगणीच्या मंडपवाल्याला फोन लावला. टेम्पोतून दोन पोरं आली आणि त्यांनी त्याच मेढींना गुलाबी-निळं कापड ताणून बांधलं, वर झालर लावली. कापडाखाली उकाडा जास्तच वाटायला लागला. पंख्याचं विचारलं त्यांनी, रुखमा नको म्हणाली.

उन्हं कलल्यावर मामा आले. धोतर, पांढरी टोपी, मोटारसायकलवर मागे बसून. सोबत आणखी दोन माणसं आणि हळदीचं सामान. छायाच्या मावशीने पाय धुवायला पाणी दिलं. मामांनी खुर्चीत बसून वर कापडाकडे पाहिलं, मग अंगणाकडे, मग नाल्याकडे.

"डहाळे नाई टाकले?"

मावशीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"गाव कुठं आहे, रुखमाबाई?" मामांनी पुन्हा विचारलं. आवाज अजून सोयऱ्याचाच होता, पण त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता.

रुखमा दाराच्या चौकटीत उभी होती. पदर सावरत ती म्हणाली, "गावात सुतक आहे, मामाजी. सारं गाव एका भावकीचं. आम्ही तेवढे बाहेरचे." मग रक्षाकडे हात केला. "विचारा या पोरीले. कॉलेजची आहे, वर्ध्याची. इथंच येऊन राह्यली दोन-तीन महिने."

मामांनी रक्षाकडे पाहिलं. शिकलेल्या, परक्या मुलीला खोटं बोलायचं काही कारण नसतं, असं ते पाहणं होतं.

"होय का बाई? सुतक कोणाकडे?"

"रूपरावकाकाजींकडे," रक्षा म्हणाली. "त्यांचे भाऊ गेले."

यात एकही शब्द खोटा नव्हता. काळ तेवढा तिने सांगितला नव्हता.

मामांचा चेहरा सैल झाला. "अरे," ते म्हणाले, "मग सांगाचं नाई का आधी?" आणि रुखमाने सुटकेचा श्वास घ्यायच्या आत ते उठून उभे राहिले. "चला. भेटून येतो. आता आपण सोयरे झालो. सोयऱ्याच्या गावात मयत झाली आणि दारावरून तसंच गेलो, हे बरं नाई दिसत." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरी, तू चाल दाखवाले."

रुखमाने चौकट धरली. रक्षा पुढे निघाली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलंच नाही. नाल्यात पाणी नव्हतं, दगड तापलेले होते. मामा मागून विचारत होते, वय काय होतं, काय झालं होतं. ती पुटपुटल्यासारखं काहीतरी सांगत गेली. पुढे जाऊन रूपरावांना दोन शब्द सांगावे म्हणून तिने पाय उचलला, तर मामाही भरभर चालायला लागले.

रूपराव सेलूला गेले नव्हते. ओट्यावर बसले होते, सगळ्यांना दिसतील असे. दुपारभर तिथेच बसले असावेत. मामा ओट्याखाली थांबले, त्यांनी हात जोडले, आणि न विचारता खाली जमिनीवर बसले. शोकाच्या घरी बसतात तसे.

"आता कळलं आम्हाले," ते म्हणाले. "मी नवरदेवाचा मामा. लय वाईट झालं, भाऊ."

रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उघड्या डोक्याकडे, हातातल्या टोपीकडे. मग त्यांची नजर रक्षावर आली आणि तिथे थांबली. तिला वाटलं, आता ते विचारतील. एक प्रश्न पुरे होता. तिच्या मनात छायाचा चेहरा आला, आणि नंतर काहीच आलं नाही.

"धाकटा होता," रूपराव म्हणाले. "मोतीलाल नाव."

"काय होतं?"

"छातीचं. खोकला धरला होता, सुटलाच नाई."

"पोरंबाळं?"

"एक पोरगी. आजोळी राह्यते."

"तेरवी कवा?"

रूपरावांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "आटोपलं सारं," ते म्हणाले. "येण्याची तसदी नका घेऊ."

मामांनी मान हलवली. आता सगळेच लवकर आटोपतात, असं काहीसं ते बोलले. तेवढ्यात आतून कोकिळाच्या रडण्याचा आवाज आला. आधी दबका, मग मोठा. परका माणूस येऊन जमिनीवर बसला, त्याने गेलेल्याची चौकशी केली, आणि तिला तिचा दीर आठवला. जेलमधून आलेल्या माणसाच्या मयतीला त्या वेळी सोयरेधायरे फारसे आले नसतील. ती रडत होती ते कोणाला दाखवायला नव्हतं. मामांचेही डोळे भरून आले. रूपराव ताठ बसून होते.

निघताना मामा पुढे झाले. रक्षा क्षणभर मागे राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"जा," रूपराव म्हणाले. "अंधार पडाच्या आत नाला ओलांडा."

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. सुतकाच्या गावात वाजंत्री बरी दिसत नाही, असं मामांनी स्वतःच सांगितलं आणि आर्वीहून आलेला बँड नाल्याच्या अलीकडेच, रस्त्यावरून परत पाठवला. मंगलाष्टकं हळू आवाजात झाली. कापडाच्या झालरीखाली वऱ्हाडी तेवढे दिसत होते. गावासाठी रांधलेला भात पातेल्यात तसाच राहिला. सुतकातल्या घरांना लग्नाचं अन्न पाठवता येत नाही, आणि हेही आता खरं मानून वागावं लागत होतं. प्रमिलाबाई हापशावर दिसल्या. भांडं भरून वाहत होतं तरी त्या उभ्याच होत्या. मग कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

गाडीत बसण्याआधी छायाने रक्षाला बाजूला ओढलं. चेहऱ्यावर हळद, डोळे कोरडे. "तिकडे मोतीलालकाकाचं नाव काढलं कोणी," तिने विचारलं, "त मी रडाचं का?"

रक्षाने उत्तर द्यायच्या आत छायाला गाडीकडे बोलावलं.

गाडी गेल्यावर रुखमाने पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर दगड ठेवला. मावशीही आवराआवर करून माहेरच्या लोकांबरोबर निघायच्या बेतात होती. मंडपवाल्याची पोरं कापड सोडत होती. रुखमाने एका डब्यात लाडू भरले आणि तो रक्षाच्या पिशवीत घातला. "बसमध्ये खाजो," ती म्हणाली. आणि मग, तितक्याच मायेने, "आता येत नको जाऊ इकडे. तू आली का कोणी ना कोणी काहीतरी विचारन."

"मावशी, तुम्ही एकट्या..."

"मी होतीच."

जूनमध्ये प्रबंध सरांच्या टेबलावर होता. त्यांनी तो शिस्तीने, पानापानावर खुणा करत वाचला होता. शेवटच्या प्रकरणावर आल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ते लग्नाचं राहिलं की. तुम्ही गेला होतात ना? गाव आलं?"

"नाही, सर."

"मग लिहा ना. हीच तर जागा आहे. बहिष्काराचं इतकं स्पष्ट उदाहरण मिळत नाही."

रक्षाने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. नावं बदललेली होती. गावाला तिने एक अक्षर दिलं होतं. पण लग्नाचं लिहायचं तर नाला येणार, तारेचे फास येणार, आर्वीकडचे मामा येणार. वर्ध्यात आर्वीची कितीतरी पोरं शिकतात.

"गावात सुतक होतं," ती म्हणाली.

"सुतक?"

"एका घरी मयत झाली होती. सगळे एकाच भावकीचे. म्हणून कोणी आलं नाही."

सरांनी पेन्सिल उचलली. "म्हणजे बहिष्कार यातून सिद्ध होत नाही."

"नाही."

"आणि तुम्ही एप्रिलमध्ये मला जे सांगितलं?"

"ते माझं अनुमान होतं, सर."

ते निराश झाले. लपवलंही नाही त्यांनी. समास आखलेल्या त्या पानावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली, आणि पान उलटलं.